तूस, भुसा आणि पाणी : नागपुरातील एका प्रयोगाचा पूर्वेतिहास व परिणती

अंबाझरी तलावाने एके काळी नागपूर शहरास पिण्याचे पाणी पुरविले. त्याच तलावातून निघून धरमपेठेच्या कडेने जाणारी नाग नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. या वस्तीपासून थोड्याच अंतरावर १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘नीरी’, या नावाने ओळखली जाते. तेथे लाकडाच्या भुश्यापासून सिद्ध केलेल्या एका द्रव्याचा वृत्तान्त येथे द्यावयाचा आहे. शेतीतील टाकाऊ पदार्थांनी सांडपाणी शुद्ध करण्यावर आज इतके प्रबंध लिहिले जात आहेत की, त्या वृत्तान्ताकडे पुन्हा वळणे अस्थानी ठरू नये.

वनस्पतिज पदार्थांनी पाणी स्वच्छ करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ‘निवळणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारी निवळीची बी, म्हणजेच संस्कृतातील कतक, सुश्रुतसंहितेत कलुषित जल प्रसन्न करणाऱ्या सात पदार्थांत गणली आहे. १९६२ साली नागपूरच्या या संस्थेतील संशोधकांनी तिची आधुनिक पद्धतीने परीक्षा केली. तथापि निवळीचे कार्य मर्यादित आहे. ती गढूळपणाचे तरंगते कण एकत्र आणून तळाशी बसविते. पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. त्यासाठी अधिशोषण हवे, म्हणजे द्रव्याचे रेणू वा आयन घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवले गेले पाहिजेत. कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे लोविट्झने १७८५ साली दाखविले होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला गेला. टाकाऊ कवचास लढाईच्या साहित्यात स्थान मिळावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

भारतात या विचारास निकड आली ती फ्ल्युओराइडमुळे. १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात हाडे ताठरविणाऱ्या विकाराचा संबंध विहिरींच्या पाण्यातील फ्ल्युओराइडशी जोडला. आपल्या विदर्भातही यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावे या दोषाने ग्रस्त आहेत. १९५१ साली धानाच्या तुसांच्या कोळशाचा उपाय प्रसिद्ध झाला. हा कोळसा पोटॅशच्या सौम्य द्रावणात पचवून तुरटीच्या द्रावणात भिजवीत. एक किलोग्रॅम कोळसा सुमारे ३२० मिलिग्रॅम फ्ल्युओराइड धरून ठेवी.

हा आकडा प्रयोगशाळेत समाधानकारक वाटतो. आता तो एखाद्या घरात नेऊन पाहू. पाण्यात दर लिटरला ४ मिलिग्रॅम फ्ल्युओराइड आहे व ते १ मिलिग्रॅमवर आणावयाचे आहे, असे धरले तर एक किलोग्रॅम कोळसा जेमतेम १०६ लिटर पाणी शुद्ध करील. पिण्यास व स्वयंपाकास दररोज ४० लिटर पाणी लागणाऱ्या कुटुंबास तो अडीच दिवस पुरेल. त्यानंतर पुन्हा तुरटीचे द्रावण करावयाचे, कोळसा भिजवावयाचा, धुवावयाचा, आणि ते धुवण ओतण्यास जागा शोधावयाची. ही कामे कोणी करावीत याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही.

नागपूरच्या संस्थेने पुढील पाऊल टाकले ते ‘डिफ्लुओरॉन-१’ या नावाने. लाकडाच्या भुश्यावर गंधकाम्लाची क्रिया करून त्यास आयन-विनिमयक्षम बनवावयाचे व मग त्यात तुरटी मुरवावयाची, अशी ही कृती होती. भुसा वखारीतून मिळे आणि द्रव्य फ्ल्युओराइड पकडीतही असे. तरीही ते टिकले नाही. त्याचे कण एकमेकांवर घासून झिजत व पाण्याबरोबर वाहून जात. थरातून पाणीही नीट वाहत नसे. अपयश आले ते द्रव्याच्या अंगच्या मऊपणामुळे, रासायनिक आकर्षणाच्या उणिवेमुळे नव्हे. १९६८ साली त्याची जागा घेणाऱ्या ‘डिफ्लुओरॉन-२’ मध्ये भुश्याऐवजी दगडी कोळसा आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे १९७५ साली नवलाखे, कुलकर्णी, पाठक व बुलुसू यांनी ‘नलगोंडा पद्धती’चे विवरण प्रसिद्ध केले. तीत गाळणीतील विनिमयक द्रव्यच नाही. तुरटी, चुना व विरंजक चूर्ण पाण्यात घालून ढवळावयाचे व साका बसू द्यावयाचा. साक्याची विल्हेवाट व पाण्यात उरणारे ॲल्युमिनियम हे तिचे दोष खरे, परंतु बादलीत करता येईल अशी ती कृती होती.

हे सर्व पिण्याच्या पाण्यासंबंधी झाले. तेथे पाणी बहुधा नितळ असते व काढावयाचे द्रव्य मुख्यतः एकच. सांडपाण्यात साबण, सेंद्रिय मळ, रंग व धातू एकाच पृष्ठभागासाठी स्पर्धा करतात. असे असता बहुसंख्य अभ्यास ऊर्ध्वपातित पाण्यात एकच रंग वा एकच धातू विरघळवून, चंचुपात्रात काही तास हलवून, लँगम्यूर वा फ्रॉइंडलिश यांच्या समीकरणांत आकडे बसवून थांबतात. स्तंभात भरलेला पदार्थ किती दिवस टिकला, किती वेळा पुनरुज्जीवित झाला, वापरून झाल्यावर त्यातील शिसे वा क्रोमियम कोठे गेले, या रकाने बहुधा कोऱ्या राहतात. डिफ्लुओरॉन-१ ला अशाच एका रकान्याने अडविले होते.

संत्र्याच्या सालीचे उदाहरण नागपूरकरांस जवळचे. १९९६ साली नामशिवायम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोइमतूर येथे या सालीने रंगद्रव्ये काढता येतात हे दाखविले. आमच्या बाजारातील सालींचे ढीग पाहून हा प्रयोग येथेही सहज होईल असे वाटते. परंतु कच्ची साल स्वतःच पाण्यात सेंद्रिय द्रव्ये सोडते, म्हणून तिच्यावर आधी प्रक्रिया करणे भाग पडते. त्यातून आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी उतरतात व मृगाची उन्हाळ्याच्या आरंभी. एरवी साल दुर्मिळ, आणि न वाळविता साठविली तर कुजते. नाग नदीतील सांडपाणी मात्र बारमाही वाहते.