गोष्टीचे तात्पर्य कोण ठरवतो?

१/ मुलांना अर्थशास्त्र सोप्या रीतीने शिकवण्याच्या प्रयत्नांना दोन शतकांचा इतिहास आहे. १८१६ मध्ये जेन मार्सेट यांचे संवादरूप पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मिसेस बी ही शिक्षिका कॅरोलिन नावाच्या मुलीला मजुरी, भांडवल आणि व्यापार समजावून सांगते.

२/ १८२७ मध्ये ते पुस्तक नॉर्विचच्या हॅरिएट मार्टिनो यांच्या वाचनात आले. त्यांना ऐकू फार कमी येत असे. १८२९ मध्ये घरचा कापडधंदा बुडाला आणि लेखणी हेच उपजीविकेचे साधन उरले. अर्थशास्त्राचा एकेक सिद्धांत एकेका कथेतून मांडायचा, असे त्यांनी ठरवले.

३/ ही पद्धत यशस्वी होणार नाही, असे जेम्स मिल यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचे मत पडले. प्रकाशकही मिळेना. अखेर फेब्रुवारी १८३२ मध्ये पहिली पुस्तिका निघाली आणि मागणी वाढतच गेली. १८३४ पर्यंत अशा २५ पुस्तिका निघाल्या. लहानगी राजकन्या व्हिक्टोरियाही त्यांची वाचक होती.

४/ पहिली कथा दक्षिण आफ्रिकेतील वसाहतीची. हल्ल्यात सारी अवजारे गमावलेले लोक संसार पुन्हा उभा करतात. श्रम म्हणजे काय आणि कामाची वाटणी का करावी, हे वाचकाला व्याख्येविना उमगते. ‘डेमेरारा’ या कथेने गुलामगिरी अन्याय्य तर आहेच, शिवाय तोट्याचीही आहे, असे दाखवले. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला.

५/ इसापनीतीत असते तसे येथेही प्रत्येक कथेसोबत तात्पर्य छापलेले असे. खरा प्रश्न इथेच उद्भवतो.

६/ ‘मँचेस्टरमधील संप’ या कथेचा नायक विल्यम ॲलन हा कामगारांचा प्रामाणिक पुढारी. संप फसतो. ॲलनला कोणी गिरणीत घेत नाही. पुढे तो उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी शिंपडतो आणि हिवाळ्यात रस्ते झाडतो. तात्पर्य असे की, मजुरीसाठीचा पैसा ठरलेला असतो. संप करून तो वाढत नाही.

७/ यालाच ‘वेतननिधी सिद्धांत’ म्हणत. त्या काळी तो निसर्गनियमासारखा मानला जाई. पण १८६९ मध्ये त्याचे मोठे पुरस्कर्ते जॉन स्टुअर्ट मिल, म्हणजे जेम्स मिल यांचेच पुत्र, यांनी तो जाहीरपणे सोडून दिला. मजुरीसाठीची रक्कम आधीच ठरलेली नसते, म्हणून कामगारांच्या संघटनेला ती वाढवून घेता येऊ शकते, हे त्यांनी मान्य केले.

८/ मिल यांची माघार विद्वानांच्या नियतकालिकात छापली गेली. ॲलनची गोष्ट मात्र ३७ वर्षांपूर्वीच घरोघरी पोहोचली होती. ॲलनचा संप फसला तो लेखिकेने फसवला म्हणून. पण वाचकांनी तो शास्त्राचा निकाल मानला.