तळटीप : ‘पेडलर’
* मूळ शब्द ‘पेडलर’. ‘फेरीवाला’ म्हटले की शहरातली हातगाडी डोळ्यांपुढे येते, म्हणून तो तसाच ठेवला आहे. सुया, फिती, बटणे असा माल पाठीवर घेऊन खेडोपाडी पायी हिंडणारा तो पेडलर. घोडा किंवा गाडी बाळगणारा तो हॉकर. इंग्लंडमधील १६९७च्या कायद्याने परवान्याला वर्षाकाठी ४ पौंड पडत, जनावरामागे आणखी ४. गरिबाला हे कुठले झेपायला! विनापरवाना सापडला तर १८२४च्या व्हेग्रन्सी ॲक्टखाली महिनाभर सक्तमजुरी होऊ शके. गंमत अशी, की घरच्यांनी लपवलेली ही शिक्षाच कधीकधी वंशजांच्या हाती लागणारा भक्कम पुरावा ठरते. त्याहून मोलाची जबानी १६६२च्या सेटलमेंट ॲक्टमुळे मिळते: गरिबाचा भार कोणत्या पॅरिशने (चर्चच्या स्थानिक हद्दीने) उचलायचा हे ठरवण्यासाठी मॅजिस्ट्रेट त्याला जन्म, चाकरी, लग्न सारे विचारीत. सख्ख्या भावंडांचे बाप्तिस्मे चार पॅरिशांत आढळले तर वाचकाने गोंधळू नये. बाप वाटेवर होता. १८४१च्या जनगणनेत जन्म याच काउंटीतला का, याची नोंद आहे, गावाची नाही. गावाचे नाव हवे असेल तर १८५१ची पाहावी. — संपा.