निरोपाचे शब्द कोणाचे?

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला फारोख बल्सारा, म्हणजेच ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘इन्युएन्डो’तली गाणी तेव्हापासून त्याचा निरोप म्हणून ऐकली जातात. मीही तशीच ऐकत आलो. एकेक गाणे वेगळे काढून पाहिले, तेव्हा मात्र हिशेब जुळेना.

‘द शो मस्ट गो ऑन’ मुख्यतः गिटारवादक ब्रायन मे याने लिहिलेले. ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ ड्रमवादक रॉजर टेलरचे. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून चौघेही गाण्यांखाली केवळ ‘क्वीन’ असे लावत, त्यामुळे श्रोत्याला हे कळणार कसे? निरोपाचे शब्द मित्रांनी लिहिले आणि जाणाऱ्याने ते गायले!

मग फ्रेडी स्वतः काय लिहीत होता? ‘डिलायला’ : आपल्या लाडक्या मांजरीवर. पूर्वी हे गाणे मी पुढे ढकलत असे. आता ढकलवत नाही. ‘अ विंटर्स टेल’मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचे तळे आणि हिवाळा. तक्रारीचा सूर नाही.

‘मदर लव्ह’ त्याने आणि ब्रायनने मिळून रचले. १९९१च्या मे महिन्यात फ्रेडी ते गायला, पण शेवटचे कडवे राहिले. ते गायला तो परत आलाच नाही. १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये त्या कडव्याला आवाज ब्रायनचा आहे.