मोटार आपोआप वेग घेऊ लागली तर...

भिवंडीहून अंजूरफाट्याला वळून खारबाव, कामणमार्गे चिंचोटीकडे निघालेल्या मोटारीपुढे बहुतेक वेळा एखादा कंटेनर असतोच. गोदामांच्या या पट्ट्यात अवजड वाहनांची रीघ असते आणि दुचाकीस्वार मिळेल त्या फटीतून वाट काढत असतात. अशा रस्त्यावर पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे लागले, चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि तरीही इंजिनाचा आवाज चढतच राहिला, तर विचार करण्यास सवड उरत नाही. काय करायचे हे त्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

पहिली कृती ब्रेकची. ब्रेकवर पूर्ण ताकदीने, एकदाच पाय दाबावा आणि तो उचलू नये. पाय पुनःपुन्हा मारण्याची सवय येथे घातक ठरते. पेट्रोल मोटारीतील ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनातील निर्वातावर चालतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना हा निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. बूस्टरमध्ये उरलेला साठा एक-दोन दाबांपुरताच असतो. तो संपला की ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो आणि चालकाला वाटते, ब्रेकही निकामी झाला.

सुस्थितीतील ब्रेक इंजिनापेक्षा बलवान असतात, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने सहा सिलिंडरच्या टोयोटा कॅमरीवर याची चाचणी घेतली होती. ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगात ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबल्यावर ती गाडी सुमारे ५३ मीटरमध्ये थांबली. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनही ती ५८ मीटरच्या आत थांबली. फरक जेमतेम एका मोटारीच्या लांबीइतका.

ब्रेक दाबलेला ठेवूनच गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. गिअरच्या गाडीत क्लच दाबला तरी चाकांकडे जाणारी शक्ती तुटते. स्वयंचलित गाडीत दांडा 'एन'वर आणावा. इंजिन या वेळी भयंकर ओरडते. ओरडू द्यावे. इंजिनाची घरघर ऐकून घाबरलेला चालक पुन्हा गिअर टाकतो, तेव्हा खरा घात होतो. आधुनिक इंजिनात फेऱ्यांवर मर्यादा घालणारी यंत्रणा असते आणि नसली तरी जिवापुढे इंजिनाची किंमत ती काय? नंतर गाडी कडेला घेऊन थांबवावी, हँडब्रेक लावावा आणि मग इंजिन बंद करावे.

हा क्रम उलटा करू नये. धावत्या गाडीचे इंजिन बंद केले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते. किल्ली पार मागे फिरवून काढली, तर स्टिअरिंगच कुलूपबंद होण्याचा धोका असतो. न्यूट्रल पडतच नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून किल्ली फक्त एक टप्पा मागे घ्यावी आणि जागीच राहू द्यावी.

बटणाच्या गाड्यांत प्रश्न अधिक अवघड आहे. चालत्या गाडीत चुकून बोट लागून इंजिन बंद पडू नये, म्हणून एका हलक्या दाबाला ते बटण दाद देत नाही. बऱ्याच गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावे लागते, काहींत लागोपाठ अनेकदा दाबावे लागते. आपल्या गाडीत नेमके काय, हे माहितीपुस्तिकेत असते. पण ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या वेष्टनातच पडून असते. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेक्सस गाडीच्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला. चालक महामार्ग पोलीस दलातील अधिकारी होता, म्हणजे नवशिक्या नव्हे. गाडी तात्पुरती वापरायला मिळालेली होती, दुसऱ्या मॉडेलची पायाखालची मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकली होती आणि बटण तीन सेकंद धरावे लागत होते.

या अपघातानंतर टोयोटाने लक्षावधी गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच दोषी असल्याचा संशय होता. 'नासा'च्या अभियंत्यांच्या मदतीने झालेल्या तपासाचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये आला. त्यात तसा दोष आढळला नाही. उलट अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याने २०१० मध्ये तपासलेल्या ५८ गाड्यांपैकी ३५ गाड्यांच्या नोंदींत ब्रेक दाबलेलाच नव्हता. म्हणून कंपनी निर्दोष ठरली असे नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने एका खटल्यात टोयोटाला जबाबदार धरले आणि २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने १२० कोटी डॉलर भरले.

तरीही चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हेच मोठे कारण आहे. चालक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी उसळते, तो आणखी जोरात दाबतो. त्यामुळे 'ब्रेक लागला नाही' असे तो प्रामाणिकपणे सांगतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या विजेवरील बसने पादचारी व वाहनांना चिरडले. सातहून अधिक जणांचा बळी गेला. बसचे ब्रेक काम करत असल्याचे परिवहन अधिकाऱ्यांना प्राथमिक तपासणीत आढळले आणि क्लच नसलेल्या बसच्या अपुऱ्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या डोंगरावर रिव्हर्स गिअरमधील मोटार मागे सरकत दरीत कोसळली आणि गाडी शिकणाऱ्या तरुणीचा मृत्यू झाला.

क्लचच्या गाडीवरून स्वयंचलित गाडीवर येणाऱ्यांनी डावा पाय पूर्णपणे बाजूला ठेवावा. दोन्ही पेडल उजव्याच पायाने, टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवून हाताळावीत. पाय दाबल्यावर गाडी पुढे झेपावली, तर पहिला संशय पायावर घ्यावा: तो पूर्ण उचलावा आणि डावीकडच्या रुंद पेडलवर ठेवावा.

डिझेल गाडीचा एक अपवाद सांगायला हवा. टर्बोचे सील गळून वंगणतेल इंजिनात शिरले, तर ते तेलच इंधन म्हणून जळते आणि किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही. गिअरची गाडी असल्यास उभ्या गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते.

रस्त्यावर येण्यापूर्वीची काळजी साधी आहे. मॅटवर दुसरी मॅट घालू नये, मॅटचे हूक अडकवलेले असावेत, पाण्याची बाटली चालकाच्या पायाशी नसावी. सैल चप्पल घालून गाडी चालवू नये.

अशी घटना घडून गेल्यावर गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये. मॅट व पेडलची छायाचित्रे काढावीत, गाडी टोचन करून न्यावी आणि तक्रारीची लेखी पोच घ्यावी. सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांपर्यंतच्या वाहनाच्या मालकाला केंद्र सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर दोषाची नोंद करता येते. अशा पुरेशा नोंदी जमल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.