आरे-वारेच्या वाटेवर

रत्नागिरी शहर मागें टाकून समुद्राच्या कडेकडेनें गणपतीपुळ्याकडे निघालें म्हणजे वाटेंत आरे आणि वारे हीं जोडगांवें लागतात. रस्ता डोंगर चढूं लागतो आणि एका वळणावर खालीं दोन पुळणी एकदम दृष्टीस पडतात. मागें सुरूचें बन, पुढें अथांग पाणी. देवदर्शनास निघालेलीं कुटुंबें येथें घटकाभर थांबतात. गाडींतील गलबला निवतो. आणि जें माणूस या प्रवासांत बरोबर असावयास हवें होतें तें आतां नाहीं, ही जाणीव पुष्कळांना अशाच जागीं होते. घरीं कामाच्या रगाड्यांत जी आठवण दबून राहते, ती प्रवासांत मोकळी होते.

पण ज्यांना आपलें माणूस परमुलखांत ठेवून जावें लागलें, त्यांनीं त्याची आठवण कोठें बसून करावी? या किनाऱ्याच्या इतिहासांत हा प्रश्न एकदां फार तीव्रतेनें उभा राहिला होता.

१८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला आगबोटींत बसवून देशाबाहेर काढलें. कांहीं महिने मद्रासेस ठेवून १८८६ च्या एप्रिलांत त्यास रत्नागिरीस आणण्यांत आलें. बरोबर पट्टराणी सुपयालत, तिची धाकटी बहीण असलेली दुसरी राणी, आणि लहान मुली होत्या. चौथी राजकन्या तर रत्नागिरींतच जन्मली. त्या काळीं रत्नागिरीस आगगाडी नव्हती, आणि पावसाळ्यांत समुद्रमार्गही बंद पडे. राजाला त्याच्या प्रजेपासून तोडावयाचें, तर याहून सोयीचें स्थळ शोधून सांपडलें नसतें. आज ज्यास थिबा राजवाडा म्हणतात तो १९१० सालीं पुरा झाला. त्यापूर्वींचीं चोवीस वर्षें या कुटुंबानें इतर बंगल्यांत काढलीं.

इतिहासाची रचना कशी विलक्षण असते पाहा. मंडालेचा राजा रत्नागिरींत बंदिवान असतांनाच, १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगांत जाऊन पडले. १९०८ ते १९१४ हीं वर्षें त्यांनीं तेथें काढलीं. १९१२ च्या जून महिन्यांत पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. ती वार्ता त्यांस तुरुंगाच्या लांकडी खोलींत कळली. शेवटची भेट नाहीं, अंत्यविधीस उपस्थिति नाहीं, चार आप्तांत बसून अश्रु ढाळणें नाहीं. त्याच जून महिन्यांत इकडे रत्नागिरीस थिबाची धाकटी राणी वारली. समुद्राच्या दोन तीरांवर दोन बंदिवानांना एकाच महिन्यांत एकच दुःख भोगावें लागलें. त्या दोघांपैकीं एकास स्वगृहीं परत येतां आलें. दुसऱ्यास तें भाग्य लाभलें नाहीं.

१९१६ च्या डिसेंबरांत थिबा राजा मरण पावला. सुपयालत राणीनें त्यास रत्नागिरीच्या मातींत पुरूं देण्यास साफ नकार दिला. पतीचा व बहिणीचा देह मायदेशीं नेऊनच अंत्यविधि करावयाचा, हा तिचा निर्धार होता. सरकारला मात्र भीति ही, कीं राजाचें शव ब्रह्मदेशीं पोंचलें तर विझलेली राजनिष्ठा पुनः पेट घेईल. या ओढाताणींत दिवस लोटत राहिले. राजाच्या शवपेटीस मातीवांचून दोन वर्षांवर झालीं, राणीच्या शवपेटीस सहा वर्षांवर. अखेर १९१९ च्या मार्चांत सरकारनें कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध दोघांस रत्नागिरींतच समाधि दिली, आणि पुढच्या महिन्यांत राणी व राजकन्या रंगूनकडे निघून गेल्या. ज्या देशाची तेहतीस वर्षें वाट पाहिली तो देश मिळाला. पण ज्यांच्यासह परतावयाचें तीं माणसें मागें राहिलीं. १९२५ सालीं सुपयालत रंगूनला वारली. मंडालेस विसावण्याची तिची इच्छाहि पुरी झाली नाहीं. तिची समाधि रंगूनलाच आहे. थोरल्या राजकन्येची कथा याहून निराळी. ती रत्नागिरीस परत आली, आणि १९४७ सालीं येथेंच तिचा अंत झाला. मंडालेंत जन्मलेल्या या मुलीला बापाची समाधि असलेला गांवच अखेरीस आपला झाला.

दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर याची कहाणी हीच, पण दिशा उलट. त्याला रंगूनला पाठविलें. १८६२ सालीं तो तेथें वारला, आणि त्याची कबर कोणास ओळखूं येऊं नये अशा बेतानें बुजविण्यांत आली. खरी जागा १९९१ सालीं खोदकाम चाललें असतां सांपडली. राज्यकर्त्यांना जिवंत राजाइतकीच मेलेल्या राजाच्या समाधीची भीति वाटते, कारण समाधीपाशीं माणसें जमतात व जमलीं म्हणजे त्यांना सर्व कांहीं आठवूं लागतें.

रत्नागिरीच्या समाधीकडे लोक यावयास मात्र फार काळ जावा लागला. २०१२ च्या डिसेंबरांत म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनास आले. २०१६ सालीं राजाच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां त्याचे वंशज, भिक्षू आणि त्या देशाचे अधिकारी येथें एकत्र जमले, आणि कुटुंबानें आपल्या पूर्वजाचें विधिपूर्वक स्मरण केलें. ज्यांनीं त्याला डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें, ते त्याच्यासाठीं समुद्र ओलांडून आले होते.

आतां याच किनाऱ्यानें आरे-वारेहून पुढें चलावें. गणपतीपुळ्याच्या शेजारीं मालगुंड हा केशवसुतांचा गांव. १८६६ सालीं जन्मलेला हा कवि शाळामास्तरकी करीत गांवोगांव फिरला आणि १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस प्लेगानें गेला. पाठोपाठ पत्नीहि गेली. त्याची कविता संग्रहरूपानें बाहेर पडली ती त्याच्या मागें, हरि नारायण आपट्यांच्या पुढाकारानें. पण १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें त्याच्या स्मारकाचें उद्‌घाटन झालें तें मृत्यूच्या गांवीं नव्हे, तर मालगुंडास. ज्याचा देह परगांवीं पडला त्याची आठवण जन्मघरानें जपली. आणि ज्याचें जन्मघर दूर राहिलें त्याची आठवण परक्या मातीनें जपली. एकाच वाटेच्या दोन टोकांना हीं दोन स्थळें आहेत.

या दोहोंच्या मध्यें आरे-वारेची पुळण. तेथें समाधि नाहीं, स्मारक नाहीं, नामफलकहि नाहीं. आहे तें केवळ पाणी. आपल्याकडे तर्पणास पाणीच लागतें. तीर्थावर गेलेला मनुष्य आईबापांबरोबर गुरूंना, मित्रांना, आणि ज्यांच्या मागें कोणी उरलें नाहीं अशांनाहि ओंजळभर पाणी देतो. ब्रह्मी बौद्धहि पुण्यकर्म केल्यावर भांड्यांत हळूहळू पाणी ओततात, आणि तें पुण्य मृतांसह सर्व प्राणिमात्रांस वांटून देतात. धर्म निराळे, भाषा निराळ्या. पण दूर गेलेल्या माणसापर्यंत पोंचण्यास दोघांनाहि पाण्यावांचून दुसरी वाट सुचली नाहीं.

हा समुद्र केवळ शोभेचा मात्र नव्हे. २०२५ च्या जुलैंत याच किनाऱ्यावर चार जण बुडून मेले. पावसाळ्यांत येणारानें पाण्यांत न उतरतां दूर वाळूवर बसावें. आठवणीला तेवढें पुरतें.

सुपयालत राणीनें जन्मभर एकच मागितलें, आपल्या माणसांना आपली माती मिळावी. तें तिला मिळालें नाहीं, आणि त्या अन्यायाचा डाग पुसणारा नाहीं. परंतु तिच्या वंशजांनीं तिच्या मागें जें केलें त्यावरून एवढें दिसतें, कीं माती कोणाची हें सरकार ठरवूं शकतें, आठवण कोठें करावी हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें. आरे-वारेच्या वळणावर घटकाभर थांबून, समुद्राकडे तोंड करून, मनांत एक नांव घेणारा प्रवासी तेंच सिद्ध करीत असतो.