कोरियातले फिरते रुग्णालय आणि एका विनोदी मालिकेचा शेवट

राजूरहून भोकरदनकडे जाऊन पुढे गेले की असई लागते. या गावाशेजारी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीची लढाई झाली. शाळेत आपण ही लढाई चार ओळींत उरकतो. साल, सेनापती, निकाल, पुढचा तह. पण त्या दिवशी सूर्य मावळल्यावर रानात काय होते, हे पुस्तकात येत नाही. एकट्या वेलस्लीच्या बाजूचे अकराशेच्या वर माणूस जखमी होऊन पडले होते. त्यांच्यासाठी पुढे अजिंठ्याला दवाखाना मांडावा लागला. मराठ्यांकडचे किती पडले याचे नुसते अंदाज आहेत. आणि ज्यांच्या उभ्या पिकांतून तोफा गेल्या, त्या गावकऱ्यांची मोजदाद कोणत्याच आकड्यात नाही.

हे शेवटचे वाक्य, श्रोतेहो, जरा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जखमीला उचलून दवाखान्यापर्यंत न्यायचे, तोवर तो जगला तर जगला, ही लढाईची जुनी रीत. असईनंतर १४७ वर्षांनी कोरियाच्या युद्धात ही रीत उलटी झाली. दवाखानाच जखमीच्या मागे जाऊ लागला. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने आघाडीच्या मागे थोड्या अंतरावर तंबूंची रुग्णालये उभारली. मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल असे त्यांचे लांबलचक नाव, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॅश’. आघाडी हलली की तंबू गुंडाळायचे, मालमोटारीत टाकायचे आणि चालू लागायचे. लहानसे हेलिकॉप्टर, त्याच्या दोन्ही अंगांना बाहेरून बांधलेले एकेक स्ट्रेचर, त्यावर जखमी जवान. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांच्या दवाखान्यात पोहोचलेल्या जखमींपैकी शंभरात साडेचारच्या आसपास दगावत. कोरियात तो आकडा अडीचच्या आसपास आला.

अशाच एका रुग्णालयात काम केलेल्या एका शस्त्रवैद्याने रिचर्ड हूकर हे टोपणनाव घेऊन १९६८ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. १९७० साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि १७ सप्टेंबर १९७२ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘मॅश’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली. (आपल्या मुंबईचे दूरदर्शन केंद्र त्यानंतर पंधरवड्याने, २ ऑक्टोबरला सुरू झाले.) युद्ध चालले तीन वर्षे. मालिका चालली अकरा.

आपण म्हणाल, रक्ताच्या चिळकांड्या उडत असताना विनोद कसला? शंका रास्त आहे. पण मालिकेतले डॉक्टर हसतात ते सुखाने नव्हे. सक्तीच्या भरतीने आणलेली माणसे ती. घर हजारो कोस दूर. छत्तीस-छत्तीस तास उभ्याने शस्त्रक्रिया करायच्या, आणि पोरगा बरा झाला की त्याला पुन्हा त्याच गोळ्यांपुढे पाठवायचे. हॉकाय पिअर्स हा त्यातला मुख्य डॉक्टर. त्याचे तोंड क्षणभर बंद नसते. वरिष्ठांची टिंगल, स्वतःची टिंगल, युद्धाची टिंगल. आपल्या तमाशातला सोंगाड्या भर फडात पाटलालाही चार शब्द सुनावतो आणि पाटलाला हसावे लागते, तसलाच हा परवाना. शेजारी क्लिंगर नावाचा शिपाई आहे. वेडा ठरवून आपल्याला घरी धाडावे म्हणून तो वर्षानुवर्षे लुगडी-झगे नेसून पहारा देतो. त्याला कोणी वेडा ठरवीत नाही. युद्धात वेडेपणा उठून दिसायचा तरी कसा!

मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकेचे सैन्य व्हिएतनाममध्ये होते. तेव्हा कोरियाच्या नावाने बोलणे व्हिएतनामविषयी चालले आहे, हे पाहणाऱ्यांना सांगावे लागत नव्हते. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकाला कळत होते. सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

आता हशाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, तिच्यावाचून शेवटच्या भागाची किंमत कळणार नाही. त्या काळी अमेरिकन विनोदी मालिकांत प्रत्येक विनोदामागे ध्वनिमुद्रित हशा जोडण्याची चाल होती. कोठे हसायचे ते प्रेक्षकाला कळावे म्हणून! ‘मॅश’च्या कर्त्यांना हा उसना हशा नको होता. वाहिनीला हवाच होता. शेवटी तडजोड झाली, ती अशी की शस्त्रक्रियेच्या तंबूत हशा वाजणार नाही. बाकी ठिकाणी वाजेल. मला या तडजोडीत सगळी मालिका दिसते. एक कनात ओलांडली की हसू बंद.

१८ मार्च १९७५ च्या भागात कनातीची ही सीमा पहिल्यांदा मोडली. सर्वांचा लाडका, गबाळा कर्नल ब्लेक सेवेतून मोकळा होऊन घरी निघतो. हसतखेळत निरोप होतो. मग शस्त्रक्रिया चालू असताना एक कारकून तंबूत येऊन सांगतो की कर्नलचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणी वाचले नाही. हातातली हत्यारे थांबत नाहीत, कारण टेबलावर जखमी आहे. प्रेक्षकांची रागाची पत्रे आली. विनोदी मालिकेत माणूस मारता म्हणजे काय, असे लोकांचे म्हणणे.

आणि मग २८ फेब्रुवारी १९८३ चा तो अखेरचा भाग. जाहिरातींसह अडीच तासांचा. हॉकायचे काम करणारा अॅलन अॅल्डा यानेच त्याचे दिग्दर्शन केले. त्या रात्री सुमारे १० कोटी ६० लाख अमेरिकन लोकांनी तो पाहिला असे मोजले गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण २३ कोटी होती. या भागात उसना हशा मुळीच नाही.

भाग उघडतो तेव्हा हॉकाय मनोरुग्णालयात आहे. जो सर्वांना हसवून शहाणे ठेवीत होता, त्याचेच भान सुटले आहे. मानसोपचाराचे डॉक्टर त्याला हळूहळू बोलते करतात. तो एका सहलीची गोष्ट सांगू लागतो. समुद्रावरून परतताना बसमध्ये वाटेतले निर्वासित आणि जखमी घेतले. पुढे शत्रूची गस्त असल्याचे कळले, म्हणून बस आडोशाला उभी करून सगळे श्वास धरून बसले. मागच्या बाकावर एक कोरियन बाई, तिच्या कुशीत कोंबडी. कोंबडी ओरडायची थांबेना. हॉकाय तिच्यावर दबक्या आवाजात खेकसला, गप्प कर तिला. बाईने कोंबडी गप्प केली. कायमची.

डॉक्टर पुन्हा विचारतात. हॉकाय चिडतो, विषय टाळतो, थट्टा करतो. आणि मग त्याला आठवते. ती कोंबडी नव्हती. तिचे तान्हे मूल होते.

अकरा वर्षे विनोदाने काय झाकले होते ते या एका क्षणात उघडे पडते. विनोद ही जखमेवरची पट्टी होती. पट्टीखाली जखम भरते, तशी चिघळतेही. आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते तीच या भागाची खरी थोरवी. ‘मॅश’ मालिका कोरियात घडते, पण तिच्यात कोरियन माणसे थोडी. असली तरी बहुधा शेतकरी, मोलकरीण, निर्वासित, पाठीमागून जाणारी-येणारी. नावागावाची क्वचित. हा दोष मालिकेवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावा. असईच्या आकड्यांत जसे गावकरी नाहीत, तसेच हे. शेवटच्या भागात मात्र ज्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता ते कोरियन मूल कथेच्या मध्यभागी येते. ते गेले शत्रूच्या गोळीने नव्हे, आपल्या आवडत्या नायकाच्या शब्दावरून, आणि त्याचा हेतू तर सर्वांना वाचवण्याचा होता.

त्याच भागात विंचेस्टर हा घमेंडखोर, संगीतवेडा डॉक्टर आहे. त्याला पाच चिनी सैनिक शरण येतात. पाचही जण वादक निघतात. विंचेस्टर त्यांना मोझार्टची एक रचना बसवून देतो, वाजवतावाजवता ताणतो, चिडतो, खूश होतो. मग हे कैदी अदलाबदलीसाठी रवाना होतात आणि वाटेतच मारले जातात. त्यांतला शेवटचा जखमींच्या गाडीतून रुग्णालयात येतो. विंचेस्टर आपल्या खोलीत जाऊन तीच तबकडी लावतो, आणि मग फोडून टाकतो.

येथे आपली, म्हणजे हिंदुस्थानची, गोष्ट सुरू होते. कैद्यांचा प्रश्न हा मालिकेच्या लेखकांनी हवेतून काढलेला नव्हता. १९५२ च्या सुरुवातीपासून तहाचे घोडे दीड वर्ष मुख्यतः याच प्रश्नावर अडले होते. ज्या कैद्यांना मायदेशी परतायचे नाही, त्यांचे काय करायचे? तह २७ जुलै १९५३ रोजी सकाळी १० वाजता पानमुनजोम येथे झाला आणि तोफा बंद झाल्या त्या रात्री १० वाजता. मधल्या बारा तासांत तोफा चालू, जखमी येणे चालू. मालिकेतही शस्त्रक्रियेच्या तंबूत ध्वनिक्षेपकावर युद्धाच्या नुकसानीचे आकडे ऐकू येत असतात आणि डॉक्टर मान वर न करता टाके घालीत असतात.

भारताने या युद्धात लढाऊ सैन्य पाठवले नाही. पाठवली ती ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे आपल्याकडचे ‘मॅश’च. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालची ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली. महिनाभरात चिनी रेट्यापुढे प्याँगयाँग सोडण्याचा हुकूम आला. सामान वाहायला गाड्या नाहीत, आणि सामान टाकून गेले तर रुग्णालय राहिले कोठे? तेव्हा या मंडळींनी एक आगगाडी मिळवली, इंजिनात स्वतः कोळसा-पाणी भरले, आपल्यातल्याच जाणत्यांना इंजिन चालवायला बसवले आणि सगळी सामग्री दक्षिणेला आणली.

तहानंतर तिथे गेली ती भारतीय कस्टोडियन फोर्स. परत जायला नकार देणारे संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडचे बावीस हजारांवर कैदी सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले. तिचे सेनापती मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर असा राग, की आपल्या जमिनीला भारतीय शिपायाचा पाय लागू देणार नाही म्हणाले. म्हणून आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या छावणीचे नाव पडले ‘हिंद नगर’.

ताबा घेऊन फार दिवस झाले नव्हते, तोच चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवले. थोरात मोजक्या लोकांनिशी स्वतः आत गेले. हजारो खवळलेले कैदी भोवती. बाहेरून गोळीबार झाला तर मेजरही जायचा आणि थोरातही. तेव्हा थोरातांनी काय केले? त्यांनी तक्रार केली, ती पाहुणचाराची! चिनी माणूस मोठा अगत्यशील असे मी जाणतो, आणि इतका वेळ येऊन उभा आहे तरी कोणी साधे चहा-सिगारेटचेही विचारले नाही, अशा अर्थाचे ते बोलले. गर्दी चपापली. मग हसू फुटले. पाहुणचार झाला, आणि मेजर सुटला.

हॉकायचे विनोद लेखकांच्या खोलीत लिहिले गेले. हा विनोद जीव मुठीत धरून, उभ्याउभ्या सुचला, आणि त्याने त्या दिवशी माणसे वाचवली. पण थोरातांच्या छावणीतही सगळे असे हसण्यावारी सुटले नाही. कैद्यांत आपापसांत दहशत होती, मायदेशी जातो म्हणणाऱ्याचा जीव धोक्यात असे, काही खून पडले. क्वचित आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली. मन वळवण्यासाठी दिलेली नव्वद दिवसांची मुदत २३ डिसेंबर १९५३ रोजी संपली. बहुतेकांचे मन वळले नाही. जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्याच्या त्याच्या हवाली झाले आणि अठ्ठ्याऐंशी जण मात्र दोन्हीकडे नको म्हणून आपल्या फौजेबरोबर जहाजाने हिंदुस्थानात आले. पुढे त्यांतले पुष्कळ जण ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेले, थोडे इथेच राहिले. थोरातांना १९५४ साली पद्मश्री मिळाली.

मालिकेकडे परत येतो. तंबू उतरतात, जो तो आपल्या वाटेला लागतो. ज्या क्लिंगरने सुटकेसाठी एवढी सोंगे केली, तोच मागे राहतो. त्याने सून-ली या कोरियन मुलीशी लग्न केले आहे, आणि आईबापांचा पत्ता लागेपर्यंत ती देश सोडणार नाही. पाद्री मुलकाही कैद्यांना वाचवायला गेला, तोफगोळा जवळ फुटला, त्याला ऐकू येईनासे झाले आहे. ते तो जवळजवळ सर्वांपासून लपवतो. आणि हॉकायचा जिवलग मित्र बीजे. ‘निरोप’ हा शब्द तो तोंडातून काढीत नाही. पुन्हा भेटूच म्हणतो, विषय बदलतो. हॉकायला याचा राग आहे, कारण या दोघांची घरे अमेरिकेच्या दोन टोकांना, एकाचे अटलांटिकच्या बाजूला, दुसऱ्याचे पॅसिफिकच्या.

हेलिकॉप्टर हॉकायला घेऊन वर चढते. खाली टेकडीवर बीजेने पांढऱ्या दगडांची मोठाली अक्षरे मांडून ठेवली आहेत. तोंडाने न निघालेला तो शब्द आहे.

कोरियात १९५३ च्या तहाने तोफा थांबल्या. शांततेचा करार आजवर झालेला नाही.