मेटाडेटाधारित आवड-मागोवा
संकेतस्थळावरील पानांना जोडलेल्या वर्णनात्मक माहितीच्या, म्हणजे मेटाडेटाच्या, आधारे वाचकाची आवड ओळखण्याची पद्धत. मुंबईतील लालबागवरील लेखाला ‘गणेशोत्सव’, ‘गिरणगाव’, ‘१९८२ चा संप’ अशा खुणा जोडता येतात. लेख उघडला की ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीच्या, म्हणजे कुकीच्या, ओळख-क्रमांकापुढे त्या नोंदवल्या जातात. वाचनाचा वेळ व पुन्हा येणे यांनुसार त्यांचे वजन वाढते. कुकीचे तंत्र लू माँटुली यांनी नेटस्केप कंपनीत १९९४ साली आणले.

खुणा ढोबळ असल्या की निष्कर्ष फसतो. लालबागचा राजा (मंडळाची स्थापना १९३४) आणि गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न या दोन्हींवर केवळ ‘मुंबई’ अशी खूण असेल, तर दर्शनाची वेळ शोधणारा भाविक आणि घराच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेले कामगार कुटुंब यांत फरक उरत नाही. याहून गंभीर प्रश्न खासगीपणाचा आहे: संप, देवस्थान, आजार यांवरील वाचनातून राजकीय कल, धर्म, प्रकृती यांचा अंदाज बांधला जातो, तोही वाचकाने काहीच न सांगता. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे.